वेताची कडी

"आज नको," म्हणत अभिमनने पावा पुन्हा खाटेवर ठेवला. सकाळपासून हेच चाललं होतं.

धरणगावात बासरी ऐकावी ती अभिमनचीच, असं लोक म्हणत. पोळ्यानंतर एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळालं. आरशात अर्धा चेहरा लोंबलेला दिसला. डॉक्टर म्हणाले, "नस सुजलीय. बहुतेकांची बरी होते, पण वेळ लागतो." त्या संध्याकाळी त्याने आडवी बासरी ओठांना लावली. नुसती हवा फुसफुसली. मग त्याने तिला हात लावला नाही.

हा पावा त्याच्या मुलीने, दिपमालाने, बालीहून आणला होता. कॉलेजच्या वाद्यवृंदाबरोबर ती तिकडे गेली होती. हातात देताना म्हणाली होती,

"आबा, याला ओठ आवळावे लागत नाहीत. टोकाची ही वेताची कडीच फुंकेला वाट देते. ओठ टेकवायचे, हळू फुंकायचं. तिथे दात पडलेले म्हातारेसुद्धा वाजवतात."

अभिमनला भीती होती ती याचीच. बासरी वाजली नाही, तेव्हा ओठांना दोष देता आला. एवढा सोपा पावाही मुका राहिला, तर?

त्याची बायको सुलक्षणा पदराला हात पुसत शेजारी येऊन बसली. त्याच्या ओठांचा लोंबलेला कोपरा तिने बोटाने वर दाबून धरला.

"फुका. मी धरस."

त्याने डोळे मिटले. डावा अर्धा उघडाच राहिला, पण बुबुळ वर वळलेलं, दिसत काही नव्हतं. त्याने फुंकलं. काहीच नाही.

"आखो एकदाव," सुलक्षणा म्हणाली.

या वेळी बारीक, थरथरता सूर निघाला. अभिमन आणखीच घाबरला. थांबलो तर हा पुन्हा येईल का? भोकं वेगळ्या अंतरावर होती, सूर अनोळखी लागत होते. तरी तो चाचपडत एकातून दुसऱ्यात जात राहिला. दम संपला की नाकाने घाईघाईने श्वास घेई आणि पुन्हा फुंके. सूर हळूहळू भरत गेला, स्थिर झाला. शेवटी धाप लागली, तेव्हाच तो थांबला. डोळे उघडायची हिंमत होईना.

"बोट नको काढू," तो कापऱ्या आवाजात म्हणाला. "आते जमी ऱ्हायनं. तू बोट नको काढू."

सुलक्षणाचा आवाज दाराकडून आला.

"बोट? ते मी कव्हयच काढी लिधं."