दोन दिवस वाजणारा रेडिओ

विहिरी खोदणाऱ्या टोळीचा मुकादम शहादेव कामावर न्यायला रेडिओ घ्यायचा म्हणून पाटोद्याला वनमालाच्या हार्डवेअरच्या दुकानात आला, आणि हातात दिलेला पहिलाच रेडिओ त्यानं मुद्दाम फरशीवर आपटला. झाकण एकीकडे गेलं, सेल दुसरीकडे.

"ह्यो न्हाई टिकायचा. दुसरा दाखवा."

दुसरा आपटूनही शाबूत राहिला. मग त्यानं तो चालू केला, दाराजवळचं सिमेंटचं पोतं त्याच्यावर आडवं टाकलं आणि पोत्याला कान लावून बसला. वनमालाचा जीव खालीवर होत होता.

"अहो भाऊ, मोडला तर तुमच्याच गळ्यात घालीन हं!"

"घाला. आवाज येतोय वर. सेल किती येळ चालतेत ह्याचे?"

"सकाळी लावला तर सांजेपर्यंत."

"लई कमी हाय."

आता मात्र ती तडकली. फळीवरचा सगळ्यात दणकट रेडिओ तिनं त्याच्यापुढं आदळला.

"हा घ्या! दोन दिवस न थांबता वाजतो. पण इतकी कसली मेली गाण्यांची हौस?"

शहादेवनं तोही पोत्याखाली सरकवला. पुन्हा कान लावला. मान वर न करताच तो बोलला.



"मागल्या साली विहिरीची कड ढासळून माझा भाऊ मातीखाली गेला, ताई. त्याच्याजवळचा रेडिओ आत वाजत हुता, त्या आवाजाच्या अंदाजानं आमी उकरत गेलतो... दोन हात माती राहिली, अन् सेल संपले."