चालणारं पेन

“मॅडम, तुमच्या स्वतःच्या मुलीला कुणी रस्त्यात अडवलं, तर तुम्ही तिला पोलिसात जा म्हणाल?”

शाळेच्या सभागृहात सगळ्या माना मागे वळल्या. मुलींच्या सुरक्षिततेवर भरभरून बोलून पोलीस मॅडम नुकत्याच पाण्याचा ग्लास उचलत होत्या. तो त्यांनी तसाच खाली ठेवला.

प्रश्न मागच्या बाकांवरच्या पोरींनी मिळून शिजवला होता. उभं कुणी राहायचं यावर मात्र फारशी चर्चा झाली नाही. “भोंगा, तूच विचार. तू विचारलंस तरच त्यात मजा आहे. आहे का हिंमत?” असं म्हणत त्यांनी हिला कोपराने ढोसलं होतं. भोंगा हे नाव यंदाचंच. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही हिचा आवाज घशातच राहायचा. मग वक्तृत्वात पहिला नंबर आला आणि बाईसाहेबांना आवाज सापडला. सापडला तोही असा, की घंटा बिघडली तर हिलाच व्हरांड्यात उभं करू, असं शिपाईकाका म्हणायचे.

“नाव काय तुझं?” मॅडमनी विचारलं.

तिने सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. आपण घाबरलो नाही हे कळावं म्हणून जरा सावकाशच.

मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला. “प्रश्न चांगला आहे. पण तो आधी घरी विचार. उत्तर मिळालं तर मलाही कळव.”

पोरी खिदळल्या. भोंगा खाली बसली, पण हसली नाही. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. चिमणीची.

मंगळवारी क्लासच्या मागच्या बोळात एका मोटरसायकलवाल्याने चिमणीची वाट अडवली होती. तिच्या दप्तराचा बंद धरला आणि सोडेचना. भोंगा थोडी मागे होती. ती अशी काही ओरडली की वरच्या खिडक्या उघडल्या आणि तो गाडी पिटाळत निघून गेला. गाडीचा नंबर तिने तळहातावर लिहून घेतला. चिमणीच्या घरच्यांनी यावर उपाय काढला तो असा: क्लास बंद, शाळा बंद, रविवारी मामाकडे रवानगी. “आणि तक्रार?” असं भोंग्याने विचारल्यावर चिमणीचे बाबा थकल्यासारखे हसले होते. “पोलिसात जाऊन काय होतं ते तुझ्या बाबांनाच विचार, पोरी.”

म्हणून संध्याकाळी तिने विचारलं.

आई इस्त्री करत होती. बाबांचे कपडे ती बाहेर कधी द्यायची नाही. इस्त्रीवाल्याला कडा जमत नाहीत म्हणायची. बाबा पाठीशी उशी घेऊन पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते.

“बाबा, तुमच्या स्वतःच्या मुलीला कुणी रस्त्यात अडवलं, तर तुम्ही तिला पोलिसात जा म्हणाल?”

पेन थांबलं. “तुला कुणी अडवलं?”

“मला नाही. चिमणीला. पण मी पाहिलंय सगळं.” तिने सगळं सांगितलं. “म्हणाल का?”

“माझ्या मुलीला? कधीच नाही.”

“का?”

“तिथे काय होतं ते ऐक. आधी बाकावर बसवतात. मग साहेब बाहेर गेलेत म्हणतात. साहेब आले तर कागद संपलेला असतो. कागद सापडला तर पेन चालत नाही. तोवर तुझी चिमणी रडायला लागते आणि तिचे बाबा म्हणतात, जाऊ दे, चला घरी. सगळे त्याचीच वाट बघत असतात.”

“एवढं पाठ आहे तुम्हाला?”

“पाठ व्हायला वर्षं गेली.”

“आणि पाठही गेली,” आई इस्त्री फिरवत म्हणाली. “तू पाळण्यात होतीस तेव्हापासून किती रात्री ह्यांनी तिथे बसून काढल्यात, मला विचार. तुला कडेवर घेऊन डबा द्यायला जायचे मी.”

बाबांनी पेपरची घडी घातली. “त्यापेक्षा मी बघतो काय ते. त्या पोराला गाठून दोन शब्द सुनावतो.”

“म्हणजे तो आठ दिवस दुसऱ्या बोळात उभा राहील. तिथल्या मुलीच्या बाबांनी कुणाला गाठायचं?”

“असंच चाललंय, बाळा. तू एकटी काय करणार?”

“चिमणीने आज रस्ता बदलला. उद्या मी बदलेन. मग परवा तो बोळ त्याच्या नावावरच करून टाका ना. वर हारही घालू.”

“वडिलांशी असं बोलतात?” आई म्हणाली. पण तिने इस्त्री उभी करून ठेवली होती, आणि बघत होती ती बाबांकडे.

“चिमणीशी बोललेय मी,” भोंगा म्हणाली. “मी आधी आत पाय टाकणार असेन तर ती येते म्हणाली. तिच्या बाबांनाही आणते म्हणाली. एकदा तक्रार लिहून घेतली ना, तर मामाकडे पाठवणार नाहीत. त्यांनी कबूल केलंय.”

“आणि तिथे कुणी ढुंकूनही बघितलं नाही तर?”

“तर ओरडेन. नाव काय उगीच पडलंय?”

बाबा हसणार होते, पण हसले नाहीत. त्यांनी पेपर पुन्हा उघडून शब्दकोड्याच्या रिकाम्या चौकटीवर पेन टेकवलं.

भोंग्याने त्यांच्या हातातलं पेन अलगद काढून घेतलं. पेपरच्या कडेला एक रेघ ओढून पाहिली. झकास चालत होतं. ती इस्त्रीच्या टेबलाशी गेली. आईने बिनबोभाट हात बाजूला घेतला. बाबांच्या उद्याच्या, अजून गरम असलेल्या शर्टाच्या खिशात तिने ते पेन अडकवलं आणि वळून उभी राहिली, स्पर्धेत उभी राहायची तशी.

“उद्या सकाळी आम्ही येतोय, बाबा. बाकावर बसणार नाही, सरळ तुमच्या टेबलाशी येऊ. तक्रार तुम्हीच लिहून घ्यायची. वर्दीच्या खिशात चालणारं पेन ठेवलंय.”