रुमालाला लागलेली काजळी

"सर, माझ्या सॅम्पलचं वाटोळं तुम्ही केलंत."

कीर्ती हे पाहुण्या परीक्षक बाईंसमोरच बोलली. पनवेलच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात असं कुणी बोलत नसे. सर तिच्या पीएचडीचे गाइड, वर विभागप्रमुख. त्यांच्या हातात रुमाल होता, रुमालावर काळा डाग.

"वाटोळं काय? पुसलं फक्त. काजळी धरली होती. पाहुण्यांना घाण दाखवायची का?"

टेबलावर सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा आरशासारखा चमकत होता. मेलेला.

त्यावर कीर्तीने भट्टीत नॅनोतारा उगवल्या होत्या. केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या बारीक, गवतासारख्या उभ्या. उजेड पडला की त्यातला करंट वाढायचा. तोच आज बाईंना मीटरवर दाखवायचा होता. त्यावर तिची चार वर्षं पास किंवा नापास होणार होती. चार वर्षं ती विचुंब्याहून येऊन भट्टीपाशी बसली. मध्येच वीज गेली की सगळं पहिल्यापासून. सर तेवढ्या वर्षांत लॅबमध्ये दोनदा आले, दोन्ही वेळा फोटोग्राफर घेऊन.

बाईंनी दिवा लावला. मीटरवरचा आकडा ढिम्म हलला नाही.

"मुलीची तयारी कमी पडली," सर म्हणाले. "तसंच लिहा, मॅडम."

दारात लॅब झाडणारा काळूराम उभा होता, जवळच्या नेरे गावचा. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी बोललो सायबांना, पुसू नका. काला हाय म्हंजे तारा हायत. आयकला नाय."

"तू झाडू मार," सर म्हणाले.

कीर्तीने पिशवीतून याच तारांवरचा छापून आलेला रिसर्च पेपर काढला. लेखकांत पहिलं नाव सरांचं. दुसरं प्राचार्यांचं, ज्यांचा विषय सिमेंट होता. तिचं तिसरं.

"आधी पहिलं नाव बघा, मॅडम. मग पहिली ओळ."

बाईंनी नाव पाहिलं. ओळ वाचली. मग सरांसाठी तिचं मराठी करून सांगितलं, सावकाश, जसं पहिलीच्या पोराला सांगतात:

"तारा नीट उगवल्या की चमकणारं सिलिकॉन काळंकुट्ट दिसतं."

सरांनी रुमाल खिशात कोंबला.

"हे तुम्ही लिहिलंय," बाई म्हणाल्या. "मग पुसलंत कशाला?"