आवडता एपिसोड

बँकेतल्या दिवाकर मोघ्यांना जुन्या अंतराळयुद्धाच्या मालिकेतला एकच एपिसोड फार आवडायचा. फ्रीगंज मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरात व्हीसीआर आल्यापासून डोकं सटकलं की ते तीच कॅसेट लावत, आवाज फुल करत आणि कमरेचा पट्टा काढत. त्यांच्या बायकोला, पल्लवीला, त्यातला एकेक स्फोट तोंडपाठ झाला होता. पण मान वर करून तो बघायची सोय नव्हती. खाली राहणाऱ्या तात्यांना वाटे, किंचाळणारी बाई एपिसोडमधलीच.

आज संध्याकाळी अंगणातल्या नळावर लोखंडी बत्ता धूत बसलेल्या पल्लवीला तात्यांनी हटकलं, "काय सूनबाई, नवा एपिसोड आणला का? आज तर कोणी आदमी चिल्लावत होता!"



"नाही तात्या, तोच जुना. आज फक्त कॅसेट मी लावली."