बाजूला काढलेले कॅन

लासुर्ण्याच्या गाडीत दुधाचे त्रेचाळीस कॅन चढले होते. रघुनाथरावांच्या नाकापुढे एक्केचाळीसच आले. त्यांनी गाडीची पावती पुन्हा पाहिली. परवा एक कमी होता, काल सगळे होते, आज दोन कमी. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते दुधात नव्हतं.

बारामती एमआयडीसीतल्या या डेअरीत दूध उतरवून घ्यायच्या धक्क्यावर रघुनाथराव सत्तावीस वर्षं होते, त्यातली बारा सुपरवायझर म्हणून. इथला रिवाजच होता. कॅनचं झाकण उघडायचं, रघुनाथरावांनी वाकून वास घ्यायचा आणि ते 'घ्या' म्हणाले की मगच दूध टाकीत ओतायचं. लॅबचा रिपोर्ट त्यानंतर. गाईनं कांद्याची पात खाल्ली की मुरघास, हे ते झाकण उचलताच सांगत. दहावी नापास माणूस डिप्लोमावाल्या पोरांवर साहेबकी करत होता, ती या नाकाच्या जोरावर.

आणि ते नाक दोन वर्षांपूर्वी एका तापात गेलं होतं. रघुनाथरावांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी बायकोला, मालतीबाईंनाही नाही. फोडणी करपली तरी ते शेजारी बसून पेपर वाचत आणि बोलणी खात. धक्क्यावर मात्र रोज वाकायचे, लांब श्वास ओढायचे आणि दुधाकडे निरखून बघत निकाल द्यायचे. गंमत म्हणजे दोन वर्षांत त्यांच्या हातून एकही खराब कॅन आत गेला नव्हता. नाक गेलं तरी नजर तयार झाली, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती. तरी धाकधूक असायचीच. कुणाला कळलं तर दुसऱ्याच दिवशी पशुखाद्याच्या गोदामात पोती रचायला पाठवतील.

स्वतः काही लपवून बसलेला माणूस दुसऱ्यांकडे जरा जास्तच बारकाईनं बघतो. महिनाभर रघुनाथराव बघत होते. ते आले की पोरं गप्प व्हायची. त्यांच्याच हाताखाली दहा वर्षं काढलेला कुंडलिक आठच्या ड्युटीला सातलाच मोटारसायकल लावायचा. पुढ्यात येणाऱ्या कॅनची झाकणं आधीच सैल केलेली असायची. लॅबमधल्या रेश्माचं धक्क्यावर काही काम नव्हतं, तरी ती गाडीपाशी घुटमळायची. रघुनाथरावांनी मनाशी जुळणी केली. दाट, चांगलं दूध आधीच हेरायचं, एक-दोन कॅन बाजूला काढायचे आणि मागच्या दारानं बाहेर विकायचे. कुंडलिकला आपण हाताला धरून शिकवलं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. राग तर त्याहून जास्त आला.

म्हणून आज ते पावणेसातलाच येऊन कॅन धुण्याच्या खोलीच्या खिडकीत उभे राहिले होते. गाडी लागली तसा कुंडलिक आत चढला, एकेक झाकण सैल करत, आत तोंड घालत पुढं गेला. शेवटी त्यानं दोन कॅन उतरवले आणि भिंतीकडेला गोणपाटाखाली झाकून ठेवले. हे सगळं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

ते दोन कॅन अजून तिथंच होते. रघुनाथरावांनी मॅनेजर विजयसिंह साहेबांना फोन लावला आणि चोर मुद्देमालासकट पकडलाय, लगेच धक्क्यावर या, एवढंच सांगितलं. मग कुंडलिकला भिंतीपाशी उभं केलं. तो दोनदा काही बोलायला गेला आणि दोन्ही वेळा त्यांनी त्याला गप्प बसवलं. तिसऱ्यांदा तो जवळ येऊन हळूच म्हणाला,

"आबा, साहेबांम्होरं त्यो कॅन उघडू नका. हात जोडतो तुमाला."

पकडला गेलेला माणूस आणखी काय म्हणणार, असं रघुनाथरावांना वाटलं. साहेब पायऱ्या चढून वर येताच त्यांनी गोणपाट ओढलं, झाकण काढलं, सवयीनं वाकले आणि छाती भरून श्वास घेतला. दूध पांढरंशुभ्र होतं.

"बघा साहेब," ते म्हणाले, "एक नंबर दूध हाय. हेच बाहेर जातंय."

रेश्मानं ओढणी नाकाला लावली होती. साहेब दोन पावलं मागं सरले आणि रुमाल काढत म्हणाले की याला तर फिनेलचा भपकारा येतोय, कुणी फिनेलनं कॅन धुऊन तसाच भरलाय की काय.

झाकण रघुनाथरावांच्या हातातच राहिलं. फिनेल दुधात पांढरंच दिसतं, नजरेला काय कळणार. मग बाकीचंही त्यांच्या ध्यानात येत गेलं. दोन वर्षं आपल्यापुढे आलेला प्रत्येक कॅन आधी हुंगलेला होता. खराब निघेल तो ही माणसं गुपचूप गाडीतून परत पाठवत होती. डोळ्यांना दिसेल इतकं फुटलेलं दूध तेवढं आपल्यापर्यंत येऊ देत होती, म्हणजे आपल्यालाही अधूनमधून 'परत' म्हणता यावं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी विचारलं, हे एक नंबर दूध कसं काय आणि चोर कुठं आहे. उत्तर कुंडलिकनं दिलं.

"आबा दुसऱ्या कॅनचं बोलत्यात, साहेब. ह्यो फिनेलचा त्यांनीच मगाशी बाजूला काढायला लावला. झाकण काढायच्या आधीच वळखला त्यांनी."

साहेबांनी रघुनाथरावांकडे पाहिलं. सगळा धक्का त्यांच्याकडे पाहत होता. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. नाव, खुर्ची, धक्का, सगळं जागच्या जागी राहिलं असतं.

"खोटं बोलतोय त्यो, साहेब," रघुनाथराव म्हणाले. "दोन वर्षं झाली, मला कसलाच वास येत न्हाय."