सुपातला काळा खडा

डाळमिलमधून निवडायला आणलेली तूरडाळ लताबाईने सुपात घेतली. शेजारी लेक कस्तुरा बसली. ब्लडकॅन्सरच्या उपचारांत गेलेले तिचे केस आता वेणीजोगे झाले होते. “माय, हा काळा खडा हातीच येत नही वं!” ती सारखी रिकामी चिमूट धरत होती. लताबाई हसली. दुपारी तोच खडा पोरीला भिंतीवरही दिसला, तेव्हा लताबाईने नशिराबादहून जळगावची एसटी धरली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून, उजेड पाडून पाहिलं. “डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलंय, ताई. त्याचाच काळा डाग दिसतोय तिला. जुनं दुखणं उलटलेलं दिसतंय. उद्याच मुंबईला न्या.” घरी येताच लताबाईने सूप पुढे ओढलं. एकेक दाणा बोटाने सरकवला. एक तरी काळा खडा निघू दे, देवा! डाळ पिवळीधमक, स्वच्छ. “माय, तो काय, तुझ्या बोटाखालीच!” कस्तुरा हरखली. लताबाईने रिकामी चिमूट उचलली आणि अंगणाबाहेर भिरकावली.