वाघाटी फांदीसकट

“फांदी कुठंय?” साळूबाईनं हात पुढं केला.

शेजारच्या बेबीनंदानं फळांबरोबर आणलेली वीतभर फांदी तिच्या तळहातावर ठेवली. साळूबाईनं बोट पानाच्या बुडाशी नेलं. काटे जोडीनं. दोन्ही मागं वळलेले, मांजरीच्या नखासारखे. कुठं ताणा नाही. मग तिनं फळाचा जाड देठ चाचपला आणि ऐटीत म्हणाली, “वाघाटीच हाय. जा, घाल फोडणीला. अन् बिया काढ बरं, न्हाई तर लेकरं थू थू करतील.”

आषाढातली द्वादशी होती. टेंभुर्णीच्या त्या गल्लीत एकादशीचा उपास वाघाटीच्या भाजीनं सुटतो, आणि साळूबाईच्या हाताखालून गेल्याशिवाय वाघाटी चुलीवर चढत नाही. त्याला कारणही तसंच. दहा-बारा सालांमागं धर्मराजच्या घरी वाघाटी म्हणून कवंडळ शिजलं होतं. दोन्ही वेलीच, दोन्हींची कोवळी फळं हिरवी नि गोल, पण कवंडळाला काटे नसतात, वेटोळे घालणारे ताणे असतात, आणि ते म्हणजे वीख. सगळं घर ओकत ओकत जीपनं जालन्याला गेलं. जीव वाचले, पण तेव्हापासून गल्लीचा एकच कायदा. साळूबाई हो म्हणाली तरच खायचं.

आता गंमत अशी, की साळूबाईला दिसतच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी शिबिरातल्या डॉक्टरानं काचबिंदू सांगितला होता. “उशीर केलात, आजी,” म्हणाला. उजेड-अंधार तेवढा कळायचा, बाकी सगळं धुकं. घरी येऊन तिनं सून दैवशालाला सांगितलं, “चष्म्याचा नंबर वाढला म्हणं.” बस्स. म्हातारं माणूस एरवी ओसरीवरची अडगळ. वर्षातून हा एक दिवस सगळी गल्ली आत्या, मावशी करत येते. आंधळीकडं कोण कशाला येईल? म्हणून तिनं फर्मान काढलं, की नुसतं फळ चालणार नाही, फांदीसकट आणा. लोकांनी कुरकुर केली, हात ओरबाडून घेतले, पण फांद्या आणल्या. कशी फसवली साऱ्यांना, म्हणून म्हातारी मनातल्या मनात हसायची!

बेबीनंदा निघणार तेवढ्यात साधना आली. गल्लीतल्या कल्याणची बायको, सहावा महिना. सगळे नको नको म्हणत असताना पोरीनं एकादशी धरली होती. तिनं साळूबाईच्या मांडीवर चार फळं ठेवली.

“फांदी?”

“न्हाई आणली, आत्या. त्यांनी काल नुसती फळंच आणल्ती. मी धुऊन पुसून, देठं काढून ठेवली. सकाळपासून वाट बघून राह्यले. जल्दी सांगा ना, लई मन झालंय.”

साळूबाईनं एक फळ उचललं. टणक, गोल. कवंडळही असंच लागतं. नाकाशी नेलं तर नुसता धुतल्या पाण्याचा वास. चाखून काय कळणार, दोन्ही कडूच. कवंडळावर पांढरे पट्टे असतात हे तिला पाठ होतं, पण पट्टे बोटाला लागत नाहीत.

‘न्हाई’ म्हणून टाकावं का? सोपं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण पोरीचा हात तिच्या गुडघ्यावर होता आणि तोंडाला पाणी सुटलेलं आवाजातसुद्धा कळत होतं. आणि ‘हो’ म्हणावं तर दोन जीव! आपल्या ऐटीपायी पोटुशीच्या तोंडचा घास काढायचा? की तिच्या पोटात वीख घालायचं? तिला स्वतःचीच लाज वाटली.

“बाई,” ती शेवटी म्हणाली, “मला दिसत न्हाई. बिलकुल न्हाई. दोन सालं झाली. काट्यावर हात फिरवून सांगते मी. तू डोळेवाल्या माणसाला दाखव.”

साळूबाईनं मान खाली घातली. पुढच्या साली दारात चिटपाखरूही येणार नाही, हे तिला कळून चुकलं.

साधनानं तिचा हात हळूच उचलून पुन्हा फळांवर ठेवला.

“दोन सालं झाली, आत्या, सगळ्यांची फळं दैवशालावहिनीच बघून राह्यल्या, बाहेर दारात. आमची पण आत्ताच बघितली, बराबर हायेत म्हणाल्या. मंग आत येतो ते तुमचा हात लागावा म्हणून.”